दशांश चिन्हाची जागा

२५० मिलिग्रॅमचे ग्रॅम करायचे आहेत. बरोबर उत्तर ०.२५. घाईत भागायच्या ऐवजी गुणले तर २,५०,००० येतात आणि हजाराच्या जागी शंभराने भागले तर २.५. तिन्ही उत्तरांत आकडे तेच, दोन आणि पाच; फरक फक्त शून्यांचा आणि दशांश चिन्हाचा. जुन्या मापांत असे होत नसे. तीन शेरांचे छटाक करताना सोळाने गुणले की ४८ येत, आणि चुकून भागले तर ०.१८७५. हे दुसरे उत्तर लिहितानाच हात अडखळायचा. मेट्रिक पद्धतीने आपल्याला सोळा, चाळीस आणि ऐंशीच्या हिशेबांतून सोडवले खरे, पण त्याबरोबर चुकीची ओळखखूणही पुसून टाकली. चुकलेले उत्तर बरोबर उत्तराइतकेच साळसूद दिसते.

या पुस्तिकेचा सगळा खटाटोप त्या साळसूद उत्तरांना पकडण्यासाठी आहे. एककांचे रूपांतर हा विषय शाळेत तक्त्याने शिकवतात: किलो, हेक्टो, डेका, मग मूळ एकक, मग डेसि, सेंटि, मिलि. पायऱ्या खाली उतरताना गुणायचे, वर चढताना भागायचे. परीक्षेच्या आदल्या रात्री तक्ता पाठ होतो आणि पेपरात ‘वर म्हणजे नेमके कुठे’ या प्रश्नापाशी अडतो. म्हणून इथे तक्ता शेवटी, परिशिष्टात टाकला आहे. पुस्तिकेचा भर दोन सवयींवर आहे. एक, गणिताच्या प्रत्येक पायरीत आकड्यासोबत एकक लिहायचे. दोन, उत्तर आले की ते प्रत्यक्षात केवढे आहे हे डोळ्यांसमोर आणायचे. पहिली सवय महिनाभरात लागते. दुसरीला वेळ लागतो, आणि माझ्या मते खरे शिक्षण तिथेच आहे.

वाचक कोण, हेही सांगायला हवे. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीला इंग्रजी पुस्तकासमोर बसतो. रसायनशास्त्राचे पहिलेच प्रकरण मूलभूत संकल्पनांचे असते आणि त्यात मोल, मोलर वस्तुमान, घनता असे सगळे एकदम अंगावर येते. अशा वेळी त्याला वाटते की आपले इंग्रजी कच्चे आहे. बहुतेक वेळा कच्ची असतात ती एकके, आणि ती कुठल्याही भाषेत कच्ची राहू शकतात. इंग्रजी माध्यमातली मुलेही तिथेच ठेचाळतात. फक्त त्यांना दोष द्यायला भाषा सापडत नाही.

मेट्रिक पद्धतीचा इतिहास इथे लांबवत नाही, पण त्यातली एक गोष्ट रसायनशास्त्राची आहे आणि ती टाळता येत नाही. फ्रान्समध्ये ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने ग्रॅम ठरला तो पाण्यावरून: एक सेंटिमीटर बाजूच्या घनात मावणाऱ्या शुद्ध पाण्याचे वजन. पाण्याच्या ठरावीक आकारमानाचे वजन काढण्याच्या आधीच्या कामात रसायनशास्त्रज्ञ अंत्वान लाव्हाझिए होता. तो कायदा त्याला पाहायला मिळाला नाही. मे १७९४ मध्ये गिलोटिनवर त्याचा शिरच्छेद झाला होता. लांबी, आकारमान आणि वस्तुमान ही तिन्ही पाण्याच्या एका घनात बांधण्याची ती कल्पना फार देखणी होती. ती अगदी तंतोतंत जमली नाही. १९०१ मध्ये एक किलो पाण्याचे आकारमान म्हणजे एक लिटर, अशी व्याख्या केली तेव्हा तो लिटर घन डेसिमीटरपेक्षा दहा लाखांत २८ भागांनी मोठा निघाला. हे लचांड १९६४ पर्यंत चालले. मग लिटर पुन्हा बरोबर एक घन डेसिमीटर झाला आणि पाण्याशी असलेले त्याचे नाते व्याख्येतून गेले. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने बाजारात उतरली. म्हणजे आपण या पद्धतीत आलो तेव्हा लिटर अजून ‘जुना’ होता. व्यवहारात त्याने कुणाचे काही बिघडले नाही.

बिघडते ते निराळ्याच कारणाने. पाण्याच्या त्या घनामुळे ‘एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम’ हे समीकरण विद्यार्थ्याच्या डोक्यात इतके घट्ट बसते की तो ते कुठल्याही द्रवाला लावतो. किराणा दुकानात याचे उत्तर शेल्फवर ठेवलेले असते. खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असेही छापलेले असते. तेलाचा डबा घेताना १५ लिटरचा की १५ किलोचा, हे विचारणारे गिऱ्हाईक रसायनशास्त्राचाच प्रश्न विचारत असते: १५ लिटर तेलाचे वजन भरते १३.६५ किलो, आणि १५ किलो तेल मावायला साधारण साडेसोळा लिटरचा डबा लागतो. प्रयोगशाळेत फरक याहून मोठे असतात. तीव्र सल्फ्युरिक आम्लाची घनता मिलिलिटरला १.८४ ग्रॅम, इथेनॉलची ०.७९, पाऱ्याची १३.६. आकारमानाकडून वस्तुमानाकडे जाणारी वाट प्रत्येक वेळी घनतेतूनच जाते. पाण्याच्या बाबतीत ती घनता १ असल्यामुळे दिसत नाही, एवढेच.

घनतेचे एकक न वाचल्याने काय होते, याचे एक उदाहरण मी सविस्तर देतो, कारण यापेक्षा चांगले गणित पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ मॉन्ट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. कॅनडा तेव्हा पाउंडांकडून किलोकडे वळत होता आणि हे विमान त्या कंपनीच्या नव्या, किलोत हिशेब करणाऱ्या विमानांपैकी होते. इंधनाचे काटे बंद होते. त्यामुळे टाकीत किती इंधन आहे ते मोजपट्टीने मोजले. ते निघाले ७,६८२ लिटर. प्रवासाला लागणार होते २२,३०० किलो. आता लिटरचे किलो करायचे, म्हणजे घनतेने गुणायचे. हाताशी आकडा होता १.७७. त्याने गुणल्यावर आले १३,५९७. ते २२,३०० मधून वजा केले, उरले ८,७०३. त्याला पुन्हा १.७७ ने भागून ठरले की ४,९१७ लिटर आणखी भरायचे. तेवढे भरले आणि विमान उडाले.

१.७७ हा आकडा पाउंड प्रति लिटरचा होता. किलो प्रति लिटरमध्ये ती घनता साधारण ०.८० येते. नीट केले असते तर टाकीतले इंधन ६,१६९ किलो निघाले असते आणि भरायला लागले असते २०,०८८ लिटर. विमानात होते ते २२,३०० पाउंड, म्हणजे लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहून कमी. वाटेतच, आकाशात, एकामागून एक दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन बॉब पिअरसन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. त्यांनी आणि सहवैमानिक मॉरिस क्विन्टल यांनी ते अजस्र विमान इंजिनांविना गिमली इथल्या हवाईदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. त्या दिवशी त्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती चालू होत्या. विमानातले सगळे ६९ जण वाचले.

या हिशेबात गुणाकार चुकला नाही, वजाबाकी चुकली नाही, भागाकारही चुकला नाही. १.७७ पुढे ‘पाउंड प्रति लिटर’ एवढे लिहिले असते तर लिटर लिटरला छेदून पाउंड उरले असते आणि किलोंतून पाउंड वजा करताना कुणीतरी थांबले असते. पुस्तिकेतली पद्धत हीच आहे. रूपांतराचा गुणक अपूर्णांकात लिहायचा, त्याच्या अंशाला आणि छेदाला एकक लावायचे, आणि नको असलेले एकक छेदले जाईल अशा बाजूने तो मांडायचा. १ ग्रॅम भागिले १,००० मिलिग्रॅम या अपूर्णांकाची किंमत एकच आहे, म्हणून त्याने गुणल्याने राशी बदलत नाही, फक्त तिचा पेहराव बदलतो. गुणायचे की भागायचे हे लक्षात ठेवावे लागत नाही, एककेच ते सांगतात. उलटा अपूर्णांक लावला तर उत्तरापुढे ‘मिलिग्रॅम वर्ग भागिले ग्रॅम’ असले काहीतरी उगवते, आणि असल्या एककाचे उत्तर कुणी निमूटपणे वहीत लिहीत नाही. पुसलेली ओळखखूण परत आणायची ती अशी.

घनमापांत मात्र ही पद्धत वापरणारेही फसतात. एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर. म्हणून एका घनमीटरमध्ये १०० घनसेंटिमीटर, असे लिहिणारे दरवर्षी भेटतात. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा लाख. हे सूत्राने पटत नसेल तर गच्चीवर जाऊन पाहावे. १,००० लिटरची काळी टाकी म्हणजे एक घनमीटर. तिच्यात १०० घनसेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या पेल्याएवढे पाणी मावते असे म्हणणाऱ्याने ती एकदा भरून पाहावी. त्याच टाकीवरून घनतेचेही कळते: घनसेंटिमीटरला १ ग्रॅम म्हणजे घनमीटरला १,००० किलो. गच्चीवर एक टन पाणी उभे आहे, हे इमारत बांधणाऱ्याला माहीत असते, विद्यार्थ्यालाही असावे.

आपल्या मोजणीची म्हणून एक वेगळी अडचण आहे. आपण हजारानंतर लाख, कोटी असे दोन-दोन शून्यांनी चढतो. मेट्रिक उपसर्ग तीन-तीन शून्यांनी चढतात. किलो म्हणजे हजार जुळते, पण मेगा म्हणजे दहा लाख आणि गिगा म्हणजे शंभर कोटी. त्यामुळे मेगापास्कल वाचताना मराठी डोके क्षणभर लाखापाशी थांबते. दाबाच्या बाबतीत मात्र नशीब आपल्या बाजूला आहे: १ बार म्हणजे बरोबर १ लाख पास्कल, आणि १ वातावरण म्हणजे १,०१,३२५ पास्कल. या दोहोंतल्या फरकामुळेच वायूचे मोलर आकारमान कुठे २२.४ लिटर दिसते आणि कुठे २२.७. तापमान दोन्हीकडे शून्य अंश सेल्सिअसच. १९८२ मध्ये आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रमाण दाब १ वातावरणाऐवजी १ बार धरला, आणि २२.४ वर वाढलेल्या शिक्षकांची व २२.७ वाचणाऱ्या विद्यार्थ्यांची जुंपली. दोघेही बरोबर असतात. दाब किती धरला ते लिहा म्हणजे वाद मिटतो.

इथपर्यंतची रूपांतरे शून्यांची आणि घनतेची. मोल आला की काम बदलते. ग्रॅमचे मिलिग्रॅम करायला पदार्थ कोणता आहे हे माहीत नसले तरी चालते. ग्रॅमचे मोल करायला ते माहीत असावेच लागते, कारण प्रत्येक पदार्थाचा गुणक निराळा. याचा पुरावा घरोघरी रक्ताच्या अहवालात सापडतो. आपल्याकडे रक्तातली साखर डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये देतात, ब्रिटनमध्ये लिटरला मिलिमोलमध्ये. लंडनला राहणारा मुलगा फोनवर ‘उपाशीपोटी सात आली’ म्हणतो आणि इथे आईला कळत नाही की ही आनंदाची बातमी आहे की काळजीची. डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम म्हणजे लिटरला १,२६० मिलिग्रॅम, ग्लुकोजचे मोलर वस्तुमान १८०, म्हणजे प्रत्येक मिलिमोलला १८० मिलिग्रॅम, भागाकार ७. बातमी काळजीची आहे, उपाशीपोटी १२६ ही मधुमेहाची सीमारेषा आहे. साखरेसाठी ‘अठराने भागा’ ही युक्ती यातूनच आली. तीच युक्ती कोलेस्टेरॉलला लावली तर उत्तर दुपटीहून मोठे येईल, कारण त्याचा रेणू दुपटीहून जड आहे. तिथे सुमारे ३८.७ ने भागावे लागते.

मोलची खरी गरज कुठे पडते हे दाखवायला मी प्रयोगशाळेतले उदाहरण न घेता जलसंजीवनीची पुडी घेतली आहे आणि तिला अख्खे प्रकरण दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम असते, एकूण २०.५ ग्रॅम. ग्रॅममध्ये पाहिले तर ग्लुकोज मिठाच्या पाचपट आहे आणि हे प्रमाण का ठेवले याचा काही पत्ता लागत नाही. आता प्रत्येकाचे मिलिमोल काढा. ग्लुकोज ७५ मिलिमोल. मिठातले सोडियम साडेचव्वेचाळीस आणि सायट्रेटच्या प्रत्येक रेणूमागे तीन याप्रमाणे आणखी तीसेक, मिळून सोडियम ७५. दोन्ही समसमान! लहान आतड्यात सोडियम ग्लुकोजच्या सोबतीने शोषले जाते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. म्हणून ग्लुकोजचे कण निदान सोडियमच्या कणांइतके असावेत, हा या सूत्रामागचा विचार आहे. ग्रॅमने झाकलेली गोष्ट मोलने उघडी पडते. क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १० हे त्यात मिळवले की बेरीज २४५ होते. याआधीच्या सूत्रात ती ३११ होती. २००२ मध्ये सौम्य सूत्र आले.

हाच हिशेब उलट बाजूने केला तर पुडीवर ‘एक लिटर पाण्यात’ असे ठळक का छापलेले असते ते कळते. बाजारात २०० मिलिलिटरसाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात. मोठी पुडी छोटी समजून पेलाभर पाण्यात कालवली तर द्रावण पाचपट तीव्र होते आणि सोडियम लिटरला ३७५ मिलिमोल. रक्तात ते १४० च्या आसपास असते. जुलाबाने सुकलेल्या बाळाला असे द्रावण पाजणे धोक्याचे आहे. ही चूक करणाऱ्या घरात रसायनशास्त्र कुणी शिकलेले असेलच असे नाही. पण शिकलेला एकजण असेल तर त्याने पेल्याकडे आणि पुडीकडे पाहून हात धरायला हवा.

मिलि आणि मायक्रोची गल्लत याच जातीची, फक्त हजारपट. हाताने लिहिलेला ग्रीक म्यू घाईत मिलिच्या एमसारखा दिसतो, म्हणून औषधांच्या बाबतीत म्यू टाळून मायक्रोग्रॅमची अक्षरे लिहावीत असा सल्ला देतात. तसेच, १ मिलिग्रॅम लिहिताना पुढे ‘दशांश शून्य’ लावू नये; तो ठिपका पुसट झाला की १ चे १० होतात. उलट ०.५ मधला आधीचा शून्य गाळू नये. आठवड्यातून एकदा घ्यायची ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी तर सगळ्यांच्या ओळखीची आहे. ड जीवनसत्त्वाचे ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. साठ हजारांचे होतात १,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅम. पुडीतली बाकी पूड त्या दीड मिलिग्रॅमला वाहून नेण्यासाठी असते.

प्रयोगवहीसाठी एक सोपी वाट सांगून ठेवतो. मोलॅरिटीला मिलिलिटरने गुणले की थेट मिलिमोल मिळतात. आधी लिटर करायची गरज नाही. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २५० मिलिलिटर हवे असेल तर २५ मिलिमोल. मिलिमोलला ४० मिलिग्रॅम, म्हणजे १,००० मिलिग्रॅम, अर्थात १ ग्रॅम. मिलि दोन्हीकडे असल्याने आपोआप निभावतो. मोलर वस्तुमान ग्रॅम प्रति मोल असो की मिलिग्रॅम प्रति मिलिमोल, आकडा तोच. आणि कुणी मिलिलिटर तसेच ठेवून ग्रॅमने उत्तर काढले तर येते १,००० ग्रॅम. किलोभर कॉस्टिक सोडा पाव लिटरच्या फ्लास्कमध्ये कोंबायचा कसा, हा प्रश्न तराजूपाशी जाण्याआधी पडायला हवा.

तापमानावर पुस्तिकेत एकच पान आहे. सेल्सिअसचे केल्व्हिन करताना गुणक नसतो, २७३.१५ मिळवायचे असतात, त्यामुळे अपूर्णांकांची पद्धत तिथे चालत नाही. वायुस्थिरांकाला थोडी जास्त जागा दिली आहे, कारण ८.३१४ आणि ०.०८२१ हे दोन वेगळे स्थिरांक आहेत असे अनेकांना वाटते. पहिल्यात ज्यूल आहेत, दुसऱ्यात लिटर-वातावरण. १ लिटर-वातावरण म्हणजे १०१.३२५ ज्यूल हे धरून एकाचा दुसरा करून पाहण्याचा सराव दिला आहे. सार्थ अंकांची चर्चा मुद्दाम टाळली आहे. तो विषय महत्त्वाचा आहे, पण आधी शून्ये जागेवर येऊ देत.

पहिले प्रकरण कॅल्क्युलेटरशिवाय करावे, दुसऱ्यापासून तो वापरायला हरकत नाही. प्रत्येक गणिताआधी उत्तर साधारण केवढे येईल याचा अंदाज समासात लिहायला जागा सोडली आहे. ती रिकामी ठेवू नये, अंदाज चुकला तरी खोडू नये. उत्तरे शेवटच्या पानांवर आहेत आणि प्रत्येकाला एकक आहे. तुमचा आकडा जुळला पण एकक लिहायचे राहिले असेल, तर ते गणित चुकले असे समजून पुन्हा करा.